मेलेल्या बापाचा आवाज आणि सात कलमं

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत दोन आठवड्यांपूर्वी एका वाचकांचं पत्र आलं होतं, की हल्लीची पोरं कानात बुचं घालून जे काय ऐकतात ते गाणं नव्हेच, आणि त्यातलं ते डेथ मेटल, म्हणजे जोरदार गिटार-ड्रमवर गुरगुरून गायचा रॉकचा प्रकार, तो तर डुक्कर धरल्यावर करतं तसला आवाज. वाचून मला हसूच आलं कारण आमचे सासरे लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत अगदी हेच म्हणाले होते, फक्त त्यांनी डुकराच्या जागी रेडा म्हटलं होतं. तर मी त्यातलाच एक ऐकणारा, पण पोरगा नाही. बेचाळीस वर्षांचा आहे, सातारला कोर्टाच्या मागच्या बोळात एका वकीलसाहेबांकडे वीस वर्षं कारकुनी करतो. दस्त टाईप करणं, तारखा सांभाळणं, पक्षकाराला चहा पाजणं, साक्षीदार वेळेवर आला नाही तर त्याला टपरीवरून शोधून आणणं, हे सगळं माझ्याकडे. आणि हे सगळं करून घरी जाताना गाडीवर डेथ मेटल.

भांडायला लिहीत नाहीये. ते पत्र लिहिणाऱ्या काकांना आवाज आवडला नाही, ठीक आहे, मला पण पहिल्यांदा नव्हता आवडला. पण एक अल्बम आलाय त्याबद्दल मराठीत कुणी काही लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही आणि तो अल्बम नेमका माझ्या धंद्याबद्दल आहे, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

ओपेथ नावाचा बँड आहे, स्वीडनचा, स्टॉकहोमचा. १९९० पासून चालू. २२ नोव्हेंबर २०२४ ला त्यांचा चौदावा अल्बम आला, त्याचं नावच ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’. म्हणजे आपलं मृत्युपत्र. आठ गाणी आहेत आणि त्यातल्या सात गाण्यांना नावच नाही, नुसतं कलमाचं चिन्ह आणि आकडा. §१, §२, §३ असं §७ पर्यंत. हे चिन्ह तिकडे कायद्याच्या पुस्तकात कलमासाठी वापरतात, आपण ‘कलम’ लिहितो तसं. मी गाण्यांची यादी बघितली तेव्हा ऑफिसातच होतो, समोर एक अर्धवट टाईप केलेलं मृत्युपत्र उघडं होतं, त्यात पण मी कलम एक, कलम दोन असंच पाडलेलं. मी मोबाईल आणि स्क्रीन दोन्हीकडे आळीपाळीने बघत बसलो. साहेब म्हणाले काय झालं रे, लॉटरी लागली का.

गोष्ट अशी आहे. पहिलं महायुद्ध संपल्यानंतरचा काळ. एक श्रीमंत, जुन्या वळणाचा, कडक म्हातारा मेलाय. त्याच्या वाड्यात त्याचं मृत्युपत्र वाचायला घरची मंडळी जमलीत. त्याची जुळी मुलं आहेत, एक मुलगा एक मुलगी, आणि सोबत तिसरी एक पोरगी बसलीय, अनाथ म्हणून त्या घराने वाढवलेली, पोलिओ झालेली. जुळ्यांना पहिला प्रश्न हाच पडतो की ही इथं कशी काय? आता हा प्रश्न मी आमच्या ऑफिसात किती वेळा ऐकलाय ते मोजायला गेलो तर वही भरेल. वाचनाला कोणाला बोलावलंय यावरूनच अर्ध्या लोकांना घाम फुटतो, आत काय लिहिलंय ते नंतर. मागं एकदा एका गावच्या भावकीत वाचन होतं तर थोरल्याने नुसतं बघितलं की धाकट्या चुलतीची खुर्ची मांडलीय आणि तो चहा न घेताच उठून बाहेर गेला, गाडीत जाऊन बसला, काचा वर करून.

मग कलमामागून कलम वाचलं जातं आणि एकेक भानगड बाहेर येते. जुळी ही म्हाताऱ्याच्या रक्ताची नाहीतच. आणि ती कोपऱ्यातली पोरगी, तिला तो स्वतःची समजतो, दुसऱ्या बाईपासून झालेली. सातव्या कलमात सगळी इस्टेट त्या पोरीला. जुळ्यांना काही नाही.

इथं मला कारकुनी डोक्याने एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे आपल्याकडे झालं असतं तर जुळ्यांचा वकील पहिल्याच तारखेला १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम ११२ काढून उभा राहिला असता (आता नवीन कायद्यात ते ११६ झालंय). लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल हे नवऱ्याचंच धरायचं, आणि ते नाही म्हणायचं असेल तर त्या काळात नवराबायको एकत्र येऊच शकत नव्हते हे सिद्ध करावं लागतं. म्हाताऱ्याने नुसतं लिहून ठेवलं की ही माझी नव्हेत, त्याला कोण विचारतो. पण गंमत अशी की जुळी औरस ठरली तरी उपयोग काय, मिळकत स्वकष्टार्जित असेल तर म्हातारा ती कुणालाही देऊ शकतो, दोन साक्षीदारांच्या सह्या असल्या की झालं, रजिस्टर करायची पण सक्ती नाही. वडिलोपार्जित असती तर गोष्ट वेगळी. तिकडच्या कायद्यात काय होतं ते ही गाणी लिहिणाऱ्या ओकरफेल्टने गाण्यात सांगितलेलं नाही आणि त्याला सांगायची गरजही नव्हती, पण मला दोन रात्री झोप नाही आली.

मिकाएल ओकरफेल्ट म्हणजे या बँडचा गायक, गिटारवाला, गाणी लिहिणारा, सगळंच. आता मुद्द्यावर येतो. या माणसाला दोन गळे आहेत. एक साधा, मऊ, बऱ्यापैकी सुरेल, उदास गाण्यांना चांगला. आणि दुसरा तो, ज्याला आम्ही ग्राउल म्हणतो आणि काकांनी डुक्कर म्हटलं तो. ही नुसती बोंब नसते. खऱ्या स्वरतंतूंच्या वर गळ्यात आणखी दोन घड्या असतात, बोलताना त्यांचं काही काम नसतं, ग्राउल करणारा त्या घड्या थरथरवतो आणि खालून पोटाचा दम लावतो. चुकीचं केलं तर दोन दिवसात घसा बसतो. बरोबर केलं तर माणूस तासदीड तास तसा गाऊ शकतो आणि मग पाणी पिऊन साध्या आवाजात जोक मारतो. ओकरफेल्ट दोन गाण्यांच्या मध्ये अगदी असेच जोक मारतो, कोरड्या चेहऱ्याने. २०१९ ला पुण्याला एनएच-७ वीकेंडर या संगीत महोत्सवाला ओपेथ आले होते तेव्हा मी स्वतः ऐकलेत. सातारहून एस्टीने स्वारगेट, तिथून रिक्षा, रिक्षावाल्याने मागितले तेवढे दिले कारण उशीर झालेला. आजूबाजूला सगळी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान पोरं, काळे टीशर्ट, आणि मी इस्त्रीचा शर्ट खोचून, कारण डायरेक्ट ऑफिसातून निघालेलो. एका पोराने विचारलं पण, सर तुम्ही सिक्युरिटीत का?

तर हा जो दुसरा गळा आहे तो ओकरफेल्टने अल्बममध्ये सोळा वर्षं बंद ठेवला होता. २००८ च्या ‘वॉटरशेड’मध्ये शेवटचा, त्यानंतर २०११ चा ‘हेरिटेज’ आला त्यात एकही ग्राउल नाही, मग २०१४, २०१६, २०१९, नाहीच. सत्तरच्या दशकातल्या प्रोग रॉकच्या, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकच्या वाटेने बँड निघून गेला. स्टेजवर जुन्या गाण्यांत गुरगुरायचा, पण नवीन काही नाही. त्यावरून चाहत्यांत जी भांडणं झाली ती भावकीच्या वर. अर्धे म्हणायचे हा फितूर झाला, अर्धे म्हणायचे आता कुठे खरं संगीत सुरू झालं. मी मधला. मला ते शांत अल्बम आवडायचे पण ऐकताना घरातला एक माणूस परगावी गेलाय असं वाटत राहायचं.

आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पहिलं कलम यूट्यूबवर आलं. मी बायकोला सांगून गच्चीवर गेलो. आणि तो आवाज आला.

आता खरं सांगतो, नुसता परत आला असता ना तर मला एवढं काही वाटलं नसतं. म्हातारे झालेले बँड असं करतातच, लोकं जुनं मागतात म्हणून जुनं वाढायचं, लग्नात परत जिलबी आणावी तसं. इथं तसं नाहीये. मी जवळजवळ वीस वेळा ऐकल्यावर माझ्या डोक्यात पक्कं बसलं की या अल्बममध्ये ग्राउल हा त्या मेलेल्या बापाचा आवाज आहे. म्हातारा बोलायला लागला की गळा बदलतो. जमिनीखालून बोलल्यासारखा. कागदावर त्याची सही आहे, माणूस नाही, आणि तरी खोलीतल्या सगळ्यांवर अजून त्याचीच सत्ता चालू आहे. हे साध्या गळ्याने गाऊन कसं येणार? आपल्याकडे दशावतारात संकासुर आला की नट आवाज बदलतो तेव्हा कुणी म्हणत नाही की अरे हा नीट का गात नाही. पात्रच तसं आहे. इथंही ग्राउल पात्राचा आहे. म्हणजे सोळा वर्षं तो आवाज गप्प होता कारण त्याला द्यायला पात्र नव्हतं, असं मी आपलं समजतो, ओकरफेल्टला विचाराल तर तो वेगळं काही सांगेल.

आणि मी जो धंदा करतो त्यात हा आवाज मला माहितीये. तीन-चार वर्षांपूर्वी एक बाबा यायचे मृत्युपत्र करायला, कोरेगावकडचे, वय ऐंशीच्या पुढे. बोलायला लागले की एकदम हळू, ऐकूच यायचं नाही, मला खुर्ची जवळ घ्यावी लागायची. टोपी मांडीवर, एका हाताने तिची कड कुरतडत बसायचे. पण एका कलमाला आले, म्हणजे मधल्या पोराला काही द्यायचं नाही हे सांगायला आले, आणि त्यांचा आवाज असा काही फिरला की साहेब पलीकडच्या केबिनमधून उठून आले. ओरडले नाहीत ते. उलट आणखी खाली गेला आवाज, घशाच्या पार तळाला, शब्द एकेक करून दगडासारखे ठेवले त्यांनी. “त्येला. कायबी. न्हाई.” मी टाईप करायचा थांबलो तर म्हणाले, लिव की. बाहेर बोळात तो मधलाच मुलगा त्यांना घ्यायला मोटरसायकल घेऊन उभा होता, बाबांना उन्हाचा त्रास नको म्हणून सीटवर टॉवेल अंथरून. मी ते बघितलं आणि परत आत येऊन टाईप केलं. §१ ऐकताना मला ते बाबा दिसले. हे मला कुठल्याच दुसऱ्या गाण्याने कधी दाखवलं नव्हतं, नाट्यगीताने नाही, गझलेने नाही.

बरं, गुरगुरणं एकटं नाहीये. दुसरा एक आवाज आहे, नुसता बोलणारा, आणि तो आहे इयन अँडरसनचा. जेथ्रो टल या जुन्या इंग्लिश रॉक बँडवाला, एका पायावर उभा राहून बासरी वाजवणारा, तोच. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या कलमात तो निवेदन करतो, इंग्रजी इतकं थंड आणि स्वच्छ की वाटतं वाचणाऱ्याला कुणाचंच सोयरसुतक नाही. वाचन असंच करायचं असतं. आमचे साहेब पण वाचताना मान वर करत नाहीत, एकदा वर केली की कुणाच्या तरी डोळ्याला डोळा भिडतो आणि मग आवाज कापतो. दुसऱ्या कलमात मागे आणखी एक गायक आहे, जोई टेंपेस्ट, युरोप बँडचा. हा कोण ते सांगितलं तर काका पण ओळखतील, ते ‘फायनल काउंटडाउन’चं कीबोर्डवरचं तुतारीसारखं म्युझिक, १९८६ चं, आपल्याकडे गॅदरिंगला आणि क्रीडा स्पर्धांना अजून वाजतं, ते त्याचं. आणि पहिल्या कलमात मधेच एक बाईचा आवाज तरंगत येतो तो ओकरफेल्टच्या स्वतःच्या मुलीचा. बाप-लेकीच्या रक्ताच्या नात्यावरची गोष्ट आणि त्यात स्वतःची लेक. मुद्दाम केलं का सहज झालं, माहीत नाही, मला आवडलं.

चौथ्या कलमाबद्दल जरा बसून सांगतो कारण मला तेच सगळ्यात जास्त आवडतं. सुरुवातीपासून गिटार आणि ड्रम तिरके तिरके चालत असतात, मोजायला जाल तर ताल सापडत नाही, सम कुठे येते म्हणून मी मांडीवर हात मारून बघितलं तर चार वेळा चुकलो. मग मधेच सगळं गळून पडतं. हार्प येतं. हार्प म्हणजे ती उभी मोठी तारांची कमान, देवदूताच्या चित्रात असते ती. एकदम शांत, इतकं शांत की मला पहिल्यांदा वाटलं इअरफोनची वायर लूज झाली. आणि मग बासरी. ही आपली बांबूची बासरी नाही, धातूची, आणि अँडरसन तीत नुसता सूर फुंकत नाही, तो फुंकताना मधेच गुणगुणतो, थुंकतो, दम टाकतो, म्हातारा जिना चढून आल्यावर बोलतो ना तसं. ती बासरी ऐकताना तुम्ही त्या वाड्यातल्या खिडकीबाहेर बघत असता, बाग वगैरे, आतल्या भानगडी जरा विसरता. आणि नेमकं विसरलात की तळघराचं दार उघडल्यासारखा परत तो आवाज. तीन वेळा रस्त्यात ऐकलं आणि तिन्ही वेळा पोवई नाक्याला गाडी कडेला घेतली. एकदा ट्रॅफिक हवालदाराने विचारलं काय प्रॉब्लेम, म्हटलं फोन आला होता.

ड्रम वाजवणारा पोरगा नवीन आहे, वाल्तेरी, फिनलंडचा, २०२२ ला बँडमध्ये आला, हा त्याचा ओपेथबरोबर पहिला स्टुडिओ अल्बम. वयाने बँडहून लहान आहे, म्हणजे ओपेथ सुरू झाला तेव्हा हा जन्मलेला पण नव्हता. त्याच्यामुळे सगळ्या म्हाताऱ्यांना धाप लागल्यासारखी मजा आलीय. डेथ मेटलचा ड्रमर म्हणजे सगळीकडे दोन्ही पायांनी धडधड करत सुटला असं लोकांना वाटतं, हा पोरगा तर बऱ्याच ठिकाणी झांजा इतक्या हलक्या हाताने वाजवतो की भजनात बसवावा. मार्टिन मेंडेझची बेस गिटार पण यावेळी नीट ऐकू येते, मेटलमध्ये बिचाऱ्या बेसवाल्याचं नशीब लग्नातल्या सनईवाल्यासारखं असतं, आहे म्हणून असतो, लक्ष कुणाचं नाही. आणि व्हायोलिनं वगैरे आहेत, डेव्ह स्टुअर्ट म्हणून जुना प्रोगवाला आहे त्याच्या बरोबर बसून ओकरफेल्टने रचली. ती गोड लावायला नाहीत, बहुतेक ठिकाणी ती भांडणात तेल ओततात.

आता एवढं कौतुक केलं तर दोन तक्रारी पण. एक म्हणजे गोष्ट नुसती ऐकून कळत नाही. गाण्यांचे शब्द समोर घेऊन बसावं लागतं आणि इंग्रजी पण जुन्या कोर्टकचेरीच्या थाटाचं, मला सवय आहे म्हणून ठीक, दुसऱ्याने काय करायचं. दुसरी अशी की गाण्यांना नावं नाहीत हे कल्पना म्हणून झकास, पण ऐकणाऱ्याला ताप आहे. पाचवं आणि सहावं मी अजून एकमेकांत घालतो. पहिले पाचसहा वेळा तर मला ते एकच लांबलचक गाणं वाटत होतं, एवढं कोंबलंय त्यात, श्वास घ्यायला जागा नाही. जुन्या ओपेथमध्ये दहा-दहा मिनिटांची गाणी असायची, एखादी धून तुमच्या मानगुटीवर बसेपर्यंत ते तिला फिरवत राहायचे. इथे गाणी त्यामानाने आखूड आणि धून बसायच्या आत उठून जाते. २००३ मध्ये हॉस्टेलवर सीडी राईट करून देणारा एक जण होता, त्याच्याकडून मला पहिल्यांदा ओपेथ मिळाले, ‘डॅम्नेशन’ नावाचा अल्बम, पूर्ण शांत, एकही ग्राउल नाही. मी म्हटलं वा काय सुंदर बँड आहे. मग त्याने त्याच सुमाराचा दुसरा दिला, ‘डेलिव्हरन्स’, आणि मी पहिल्या दोन मिनिटात सीडी बंद करून बघितली की चुकून दुसरीच लागली का काय. तिथून हे सगळं लागलंय. त्या अल्बममधली एक एक धून मला आजही शिट्टीवर येते. नव्यातली मला दोनच येतात.

काकांसाठी आणखी एक. डेथ मेटल म्हणजे सगळं ओपेथसारखं नसतं हे मला मान्य आहे, उगीच फसवायला नको. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत फ्लोरिडाला आणि मग लगेच स्टॉकहोमला हे पिकलं, आणि त्यातलं बरंचसं प्रेतं, रक्त, आतडी यावरच आहे, मुंबईतला गटस्लिट ऐकाल तर तो पण तसलाच, आणि मला तो पण आवडतो, काय करणार. पण मुंबईचाच डेमॉनिक रेझरेक्शन नावाचा बँड आहे, त्यांनी २०१७ ला ‘दशावतार’ नावाचा अल्बम केला, मत्स्य ते कल्की, एकेका अवताराला एकेक गाणं. म्हणजे हा आवाज काय काय पात्रं करू शकतो ते बघा. वराह पण आहे त्यात, म्हणजे काकांचं डुक्कर चुकलं नव्हतं.

आता शेवटच्या गाण्याकडे. सात कलमं संपली, पोरगीला सगळं मिळालं, जुळी गेली. मग आठवं गाणं आहे आणि या एकट्यालाच नाव आहे, ‘अ स्टोरी नेव्हर टोल्ड’. कलमाचं चिन्ह नाही. का नाही? कारण मृत्युपत्र संपलं ना. हे मृत्युपत्राच्या बाहेरचं आहे. त्या पोरीला नंतर तिच्या आईचं एक पत्र येतं आणि त्यात असतं की तू पण त्याची नव्हेस. म्हणजे सगळा वाडा, जमीन, रक्ताच्या नावाने लिहून दिलेलं सगळं, आणि रक्त कुणाचंच नाही. म्हाताऱ्याला मरेपर्यंत कळलं नाही. आणि या गाण्यात ग्राउल नाही. एकही नाही. साधा, मऊ गळा, आणि फ्रेड्रिक ओकेसनची गिटार, लांब, रडवेली, संध्याकाळी धरणाच्या भिंतीवर बसल्यावर जसं वाटतं तशी. तो आवाज नाही कारण म्हाताऱ्याला आता बोलायला काही उरलेलं नाही. त्याला जे काय बोलायचं होतं ते सात कलमात बोलून झालं आणि ते सगळं चुकीचं निघालं. मला हे कळलं तेव्हा मी ऑफिसात एकटाच होतो, साहेब तारखेला गेले होते, समोर स्टॅम्पपेपरचा गठ्ठा, आणि मी पंधरा मिनिटं काही टाईप केलं नाही.

हे घरी पण ऐकलं गेलं. बायकोला नाही आवडत, ती सरळ म्हणते तुझं झालं की सांग मग मी सिरीयल लावते. पण आई. आई एकोणऐंशीची आहे, इंग्रजी ओ की ठो कळत नाही. एक दिवस इअरफोन चार्जिंगला होते म्हणून स्पीकरवर हळू लावलं होतं, ती गवार मोडत बसलेली. चौथं कलम चालू होतं. मला वाटलं म्हणेल बंद कर ते. ती गवार मोडता मोडता म्हणाली, “ह्यो म्हातारा एवढा का चिडलाय?” मी म्हटलं आई म्हातारा आहे हे तुला कुणी सांगितलं? म्हणाली, “आता आवाज ऐकू येतोय की. पोरांवर चिडलाय.” मग मी तिला पहिल्यापासून गोष्ट सांगितली. कलमाकलमाने, मधे मधे गाणं थांबवून. तिने वाड्याची वाटणी कशी झाली, सुना होत्या का, पोरगीचं पुढं लग्न कुणी केलं का असे सतरा प्रश्न विचारले ज्याची उत्तरं ओकरफेल्टकडे पण नसतील. शेवटच्या पत्राची गोष्ट सांगितली तेव्हा गवार मोडायची थांबली. थोड्या वेळाने म्हणाली, “चुलीत घालायचं ना ते पत्र. पोरीनं घातलं असंल.” आणि मग म्हणाली ते बासरीचं परत लाव.

कळावे, लोभ असावा.

आपला एक वाचक,
सातारा

ता.क. – पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचं असेल तर कायद्याचा परिच्छेद खुशाल कापा, साहेबांनी वाचला तर तेही म्हणतील काप. बासरीचा कापू नका. आणि बँडचं नाव ‘ओपेथ’ असं छापा.